पुढचा माईक

कॅम्प भागातल्या, ‘सोल’ ढंगाची इंग्रजी गाणी गाणाऱ्या चौकडीचा मुख्य गायक एलीशादादा घशाच्या ऑपरेशननंतर गाणार नव्हता, यात फायदा एकट्या शमुवेलचा होता. बावीस वर्षं मागे उभं राहून साथ केल्यावर आता पुढचा माईक त्याचा.

पहिल्याच कार्यक्रमाला दादा समोर बसला. शमुवेलने डोळे मिटले आणि सवयीने साथीचा खालचा सूर लावला. गाणं संपेपर्यंत मुख्य चाल कुणी गायलीच नाही.

मध्यंतरात दादा विंगेत आला. बसक्या आवाजात म्हणाला, “अरे शहाण्या, तू साथच करत बसलास! चाल काय मी गाणार होतो?”

“हो. तुझीच वाट बघत होतो,” शमुवेल म्हणाला.

नंतर तो चाल गायला, टाळ्याही भरपूर पडल्या. पुढची जागा एकट्या दादाची गेली. गाण्यातली सोबत मात्र दोघांचीही गेली.