पांढरा सॉस

सोमवारी ॲल्फ्रेडने पुन्हा तो छोटा डबा भरला आणि "तिसऱ्या मजल्यावर जाऊन येतो" म्हणाला. कॉन्सेप्टा चपात्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. वर केली असती तर लाटणं हातात राहिलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावर बेव्हर्ली राहायची. अडतिसाची, एकटी, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. त्यांच्यासारखीच वसईची. अंडं उकडायचं तरी फोनमध्ये बघून उकडायची. आणि दुबई मरीनातल्या हॉटेलात शेफ असलेला ॲल्फ्रेड आपला नवा सॉस चाखायला तिच्याकडे न्यायचा.

वीस वर्षं तो मान कॉन्सेप्टाचा होता. अल मनखूलच्या याच किचनमध्ये तो चमचा पुढे करायचा आणि ती डोळे मिटून सांगायची, लिंबू दोन थेंब, लोणी बस. "कॉलेजबिलेज काही नाही, माझी डिग्री म्हणजे हिची जीभ," असं तो पाहुण्यांना सांगायचा. लग्नाच्या अंगठीपेक्षा तिला ते वाक्य प्रिय होतं.

हॉटेलात त्याच्याकडे व्हील असायचं, म्हणजे वासराचं मांस. वासराला पाच-सहा महिने दुधावरच वाढवायचं, गवत तोंडाला लागू द्यायचं नाही. गवत खाल्लं की मांस लाल होतं आणि भाव उतरतो. पांढुरकं निघालं तर किलोला एकशेचाळीस दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये की हो. ॲल्फ्रेड म्हणायचा, व्हीलला स्वतःचं मत नसतं, सॉस सांगेल तेच ते बोलतं. म्हणजे सगळी मदार सॉसवर, आणि सॉसची चाखणाऱ्यावर.

हे सुरू झालं एप्रिलमध्ये. कॉन्सेप्टा बारा दिवस तापाने पडली होती. बेव्हर्ली पेज घेऊन यायची, आणि जाताना ॲल्फ्रेड तिला लिफ्टपर्यंत सोडायला जायचा. ताप गेला. ती सोबत काही गेली नाही.

तेव्हापासून कॉन्सेप्टाचं मन या देशावरूनच उडालं होतं. इथल्या टोमॅटोत पाणी, कोथिंबिरीत नुसता रंग, फ्रोझन मासळीत बर्फ. काल रविवारी ॲल्फ्रेडने व्हीलचे उरलेसुरले तुकडे आणले, तर तिने त्यात घरचा मसाला दोन चमचे जास्तच घातला आणि वर त्यालाच ऐकवलं की तुझ्या दूधपित्या वासरापेक्षा आमच्याकडचा दुधी बरा. तो गुमान जेवला, तीन ग्लास पाणी प्यायला. लेक वेन्डी "नॉट हंग्री, ममा" म्हणून उठली आणि तिने शवारमा मागवला. पूर्वी हा माणूस जेवताना बोलायचा. आता जेवतो आणि पाणी पितो. मन दुसरीकडे जेवत असलं की असंच होणार.

सॉस आता माझ्याकडे का आणत नाहीस, असं मागे एकदा तिने विचारलं होतं. तुला उगाच त्रास नको म्हणून, असं तो म्हणाला. वीस वर्षं नव्हता तो त्रास? मग ताटाकडे बघत त्याने सांगितलं, मेन्यू बदलतोय, काँट्रॅक्ट याच वर्षी रिन्यू व्हायचंय, सॉस चुकून चालणार नाही.

म्हणजे तिच्या जिभेने चुकला असता. आणि त्या अंडं उकडणारीच्या जिभेने नाही.

आज तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानेच लिफ्टचं बटण दाबलं.

दार बेव्हर्लीने उघडलं. हॉलमध्ये इस्त्रीचं टेबल, खुर्च्यांवर चर्चची पांढरी कापडं. ॲल्फ्रेड खिडकीशी फोनवर हॉटेलातल्या कुणाशी तरी बोलत होता. कॉन्सेप्टाला बघून त्याने फोन ठेवला. चोर दचकतो तसा दचकला, असं तिला वाटलं.

"बस ना," बेव्हर्ली म्हणाली.

"बसायला नाही आले. चाखायला आले. तुझी जीभ खरी का माझी, ते ह्याच्यासमोर होऊन जाऊ दे. मग खलास."

डायनिंग टेबलावर वाटीत पांढरा, दाट सॉस वाफाळत होता. बेव्हर्ली पुढे होईपर्यंत कॉन्सेप्टाने चमचा भरून तोंडात घातला होता. तिने पूर्वीसारखे डोळे मिटले. जिभेवरून गुळगुळीत उतरला. गुठळी एक नाही.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "लोणी अंमळ जास्त झालं. आणि जायफळ राहिलं. एवढंही सांगता आलं नाही तुला?"

बेव्हर्लीने काही बोलायला तोंड उघडलं. तिच्यामागून ॲल्फ्रेडने नको, नको अशी मान हलवली.

"हो गं," तो कॉन्सेप्टाला म्हणाला. "जायफळच राहिलं."

त्याचा डबा त्याच्याच हातात होता, झाकण अजून न उघडलेला. वाटीत होती ती कॉर्नफ्लॉवरची खळ, चर्चच्या कापडांना घालायला बेव्हर्लीने नुकतीच शिजवलेली.