जटा आणि वेण्या

विंचरण्याचा जन्माचा कंटाळा आला, म्हणून मी जटा वाढवायला घेतल्या. मग कळलं, आळसालाही मेहनत लागते. सुरुवातीला रोज मुळाशी बोटं घालून एकेक जट वेगळी करावी लागते, नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो.

चार महिन्यांनी मानेवरची एक जट सोडवून, विंचरून तिची घट्ट वेणी घातलेली सापडली.

"हे तुझं काम?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही, बाई."

घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी दोन वेण्या निघाल्या, आज सात.

नवरा कामावर गेल्यावर मी थकून खिडकीशी बसले आणि वेण्या सोडायला केसांत हात घातला.

तिथे आधीच कुणाची तरी बोटं होती. त्यांनी माझा हात हळूच बाजूला सारला.