मीठ कुणी चाखलं?

पातेल्याच्या तोंडाला लावलेली कणीक सुरीनं सोडवली, झाकण उचललं, आणि दीर वाकून बघत म्हणाले, “भाभी, तूप कुठाय?”

झालं! ईदचा दिवस, घरभर पाहुणे, आणि सगळे माझ्या बिर्याणीला नावं ठेवायला लागले. मटणाऐवजी कोंबडी काय, कांदा तळायचा सोडून तव्यावर कोरडाच भाजलाय काय! “सणाला हे दवाखान्यातलं जेवण?” सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नवरा कोपऱ्यातून मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगत होता.

का म्हणून गप्प बसू? सहा वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर ईदला यांच्यासाठी तुपातली बिर्याणी मीच दमाला लावते, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की ओट्यापाशी बसून दुधीची भाजी न् भाकरी खाते. एकदा चाखली तर हात थांबायचा नाही, म्हणून मीठसुद्धा नणंदेला चाखायला लावते. सहा वर्षांत एकानं विचारलं नाही, तू काय जेवलीस म्हणून.

“भाभी, आज तुम्ही मला मीठ बघायला बोलावलंच नाही,” नणंद म्हणाली. “मग चाखलं कुणी?”

“मी,” मी म्हणाले. “मीठ बरोबर आहे. ज्याला तूप हवंय, त्याच्यासाठी डबा फडताळात आहे.”

आणि कुणालाही वाढायच्या आधी पहिलं ताट मी माझं भरलं.