तांब्याच्या शेपटीची घोरपड

"कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण आपल्या ईडन प्रेरी गावात तांब्याच्या शेपटीची घोरपड फिरते," कप खाली ठेवत उल्हास म्हणाला. "आमचीच इग्वाना ती. ज्याच्या अंगणात थांबेल त्याच्या टीव्हीचं चित्र एकदम क्लिअर. शेपटीचीच अँटेना!"

श्रीरंग चिवड्याची बशी सांभाळत हसला. अठ्ठ्याऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. श्रीरंगनं उन्हाळ्यात इग्वाना पाळली होती आणि थंडी सुरू झाल्यावर त्याचे धाबे दणाणले होते.

"ते राहू दे यार. मला इग्वानाच्या पेटीतला दिवा थंडीत आपोआप लावणारा थर्मोस्टॅट कधी बनवून देतोस? इग्वाना पाळणाऱ्यांच्या क्लबात सगळे म्हणतात, उल्हासला विचार. दुकानातला महिनाभर टिकत नाही. पेटीतल्या दमटपणानं सेन्सर सडतो."

उत्तरा पुन्हा चहा घेऊन आली. श्रीरंगची नजर खिडकीतल्या घड्याकडे गेली.

"वहिनी, हा घडा तांब्याचा की लोखंडाचा? किती काळा पडलाय!"

"असू दे तसाच," उत्तरा म्हणाली.

उल्हासला कारण ठाऊक होतं. तांब्याची चमक त्याला सोसत नाही, हे तिनं न सांगता ओळखलं होतं. गेल्या तीन वर्षांत घरातलं एकही तांब्याचं भांडं तिनं उजळलं नव्हतं. एवढं जपणारी बायको मिळायला नशीब लागतं.

"सांगतो ऐक," तो पुन्हा रंगात आला. "गॅरेजमध्ये बादलीत मोरचुदाचं पाणी, त्याला कारचा बॅटरी चार्जर जोडलेला. पेनाच्या नळीत सेन्सर घालायचा, वरून ग्रॅफाइट फासायचं, रात्रभर बुडवायचं. सकाळी नळीवर तांब्याचा सलग थर! ओल आत शिरायची बात नाही. तर एकदा ही बया बादलीच्या काठावर बसली आणि शेपटी आत..."

श्रीरंग खो खो हसला. उल्हासही हसला, पण डोळ्यांसमोर पंच्याऐंशीची दिवाळी होती.

लक्ष्मीपूजन करून ते दोन दिवस शिकागोला निघाले होते. घराचं हीटिंग कमी केलेलं. निघताना त्यानं पेटीत डोकावून पाहिलं. सहा महिने झाले तरी नळी नव्यासारखी लखलखत होती. काय थर बसवलाय, अशी स्वतःचीच पाठ थोपटून त्यानं गाडी सुरू केली होती.

परत आले तेव्हा इग्वाना लाकडासारखी कडक होती. दिवा लागलाच नव्हता. त्यानं नळी फोडली. आत पाणी होतं. त्याचा थर पातळ पडला होता, दुसरं काय? तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या लेकीला, रुपालीला, त्यानं सांगितलं, ती पळून गेली, शेपटीला तांबं लावून. रुपाली अजून मागच्या दारी लेट्यूसचं पान ठेवते. ते तो रोज सकाळी गुपचूप उचलतो. सोल्डरिंग आयर्नला त्यानं त्यानंतर हात लावला नव्हता. क्लबही सोडला होता.

"ते सगळं ठीक," श्रीरंग डोळे पुसत म्हणाला. "थर्मोस्टॅटचं बोल. माझीही घोरपड पळवून लावायची आहे का तुला?"

उल्हासचं हसू मावळलं.

"नको रे. माझा हात बिघडलाय. प्लेटिंग धड बसत नाही. तुझं जनावर उगाच मरेल."

"तू नाही म्हणतोस म्हणजे कमालच झाली."

"नाहीच म्हणतोय."

उत्तरानं ट्रे टेबलावर आपटला. कपातला चहा हिंदकळला.

"खोटं," ती म्हणाली. "घोरपड पळाली हे खोटं, आणि हात बिघडला हेही खोटं."

"उत्तरा, जाऊ दे," उल्हास पुटपुटला. "चूक माझी होती."

तिनं खिडकीतल्या काळ्या घड्याकडे पाहिलं.

"त्या दिवाळीला मी तांब्याची सगळी भांडी काढली होती," ती म्हणाली. "त्यांच्याबरोबर तुझी ती नळीही चिंच-मीठ लावून खसाखसा घासली."