जायफळाची रेषा

"मिस, प्रोटीनसाठी जायफळ खातं तरी कोण?" अन्नघटकांच्या आलेखांचा तास चालू होता; मैत्रिणींशी लावलेली पैज जिंकायला अदिबाने भर वर्गात विचारलंच! मिसने हसत हसत कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर जायफळातून दरवर्षी मिळणाऱ्या प्रोटीनचा आलेखच गृहपाठ म्हणून तिच्या गळ्यात मारला.

कुवेतमधल्या फरवानियातल्या घरी अब्बांनी तो पाहिला. बेटावर मोठं वादळ आलं त्या वर्षी रेषा धाडकन कोसळली होती. त्यांचं बोट तिथेच थबकलं. "श्रीवर्धनच्या आपल्या वाडीतली जायफळाची झाडंही अशीच एका वादळात गेली, बेटा."

"आपल्या लग्नाच्या शिऱ्यात तिथलंच जायफळ होतं," अम्मी हळूच म्हणाली.

समोर वाडी विकायचे कागद होते. सही तेवढी राहिली होती. अदिबाने अब्बांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"फळ धरायला सात वर्षं लागतात ना? तेव्हा मी बावीसची असेन, चालेल! वाडी विकायची नाही. या सुट्टीत आपण रोपं लावतोय."