स्वेटरचं शेवटचं माप

दंडात घट्ट होऊ लागलेला स्वेटर हृषीकेशने दुकानाच्या काउंटरवर ठेवला. तो तान्हा असताना त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी, तो विणला होता. त्यानंतर दर दोन-तीन हिवाळ्यांनी त्या तो इथे आणत; आजही त्या सोबत आल्या होत्या. यंत्रात लोकरीतले गंधकाचे बंध सुटायचे, धागे ताणले जायचे आणि नव्या मापावर बंध पुन्हा जुळायचे. हल्ली कुणाच्याच घरी मुलांचे लहानपणचे स्वेटर उरत नसत.

दुकानातल्या शबानाने धागा तपासला. "काकू, दर वेळी थोडे बंध सुटलेलेच राहतात. आता एकदाच उघडता येईल. पुढे लोकर टिकायची नाही."

"मग चांगला सैल करा," हृषीकेश म्हणाला.

वत्सलाबाई स्वेटरची बाही चाचपत होत्या. हृषीकेश आणि त्याची बायको केतकी अनाथाश्रमातली मुलगी दत्तक घेणार हे कळल्यापासून त्या मुलाशी जेवढ्यास तेवढंच बोलत. मुलगी सोमवारी घरी यायची होती.

"काकू, करू ना सैल?"

"नको. लहान कर."

"केवढा?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "केवढी आहे रे ती?"

हृषीकेशने दोन्ही हातांनी माप दाखवलं. "आठ महिन्यांची," तो म्हणाला.

यंत्रातून इवलासा, जाडसर स्वेटर बाहेर आला. वत्सलाबाईंनी तो कोमट असतानाच गालाला लावून पाहिला.

"टोचत नाही," त्या म्हणाल्या. "चल, जाताना लोकर घेऊ. तिला कानटोपीही लागेल."