पियानोची राखण

चौतीस साली मामंजींनी देवळाली कॅम्पातल्या लिलावात पियानो घेतला, तो नाशकातल्या आमच्या बैठकीच्या शोभेला. मी माहेरी वाजवायला शिकलेली, पण त्यांनी कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली. "वाजवायचा नाही, तर घेतला कशाला?" मी तोंडावर विचारलं. महिनाभर अबोला.

पावसाळा संपल्यावर सूर लावायला अब्बासमियाँ आले. म्हणाले, "रावसाहेब, बंद ठेवलात तर आतल्या हातोड्यांच्या लोकरीला कसर लागेल. रोज तासभर कुणीतरी वाजवायलाच हवा." मामंजींनी निमूट किल्ली सोडून माझ्यापुढे ठेवली.



नवऱ्यापुढे कधी मान वर न केलेल्या सासूबाई माजघरात माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मेल्याला दोन तास सांग म्हटलं होतं मी!"